खोकल्याचं बटण

भाच्याने दोन स्क्रू काढले, बाईंच्या टेबलाच्या कडेला बसवलेली लाल बटणाची छोटी पेटी वायरीसकट उचलली आणि समोरच्या टेबलावर, आपल्या उजव्या हाताशी नेऊन ठेवली. वायर जेमतेम पुरली. काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून त्याने ते गणवेशाच्या वरच्या खिशात टाकले आणि स्क्रू ड्रायव्हर खिडकीत ठेवला.

"ते माझं खोकल्याचं बटण आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, मावशी."

"आणि मला खोकला आला तर?"

"मला खूण कर. मी दाबेन."

"बरं झालं. म्हणजे आता खोकायचं तेही नौदलाला विचारून."

भाचा हसला नाही. हसण्यासारखं त्याच्याजवळ आज काही नव्हतंच.

बटण तसं साधं होतं. दाबून धरलं की मायक्रोफोन तेवढ्यापुरता मुका व्हायचा. वाचणाऱ्याने खोकावं, शिंकावं, पाण्याचा घोट घ्यावा आणि बोट काढून पुढे वाचावं. बाईंना ते फारसं लागत नसे. इतक्या वर्षांत एकदाच ते खरं दाबायला हवं होतं, आणि नेमक्या तेव्हाच त्या विसरल्या. कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाचं दूध ठेवलेलं, वाचन अर्ध्यावर आलेलं, आणि दूध वर आलं. "अगं बाई, दूध" हे शब्द वाऱ्याचा वेग आणि भरतीची वेळ यांच्या मधोमध साऱ्या समुद्राने ऐकले. तेव्हापासून जो तो कप्तान सेटवर आला की आधी विचारायचा, बाई, दूध सांभाळलंत ना. परदेशी कप्तानांना इथल्या भाषेतले चार शब्द येत असले तर त्यांतला एक दूध असायचा.

किनारा केंद्र म्हणजे टेकडीवरची ही एवढी एकच खोली. भिंतींना आवाज शोषणारं जाड कापड, दोन टेबलं, एक मायक्रोफोन, जहाजांचं बोलणं ऐकायचा एक सेट, फोन, शेगडी आणि समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी. रोज दुपारी बारा वाजता बाई जहाजांसाठी सूचना वाचत. वाट दाखवणाऱ्या कुठल्या तरंगत्या बोयाचा दिवा विझलाय, कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा वर आलाय, कुठली वाट गाळ काढण्यासाठी बंद आहे. आणि सगळं वाचून झाल्यावर शेवटचं, रोजचं, ठरलेलं वाक्य: "बाकी सर्व वाटा मोकळ्या आहेत." बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजं या वाक्याची वाट बघत. ते झालं की साखळ्या वर यायला लागायच्या.

बाईंच्या आधी इथे एक म्हातारे निवेदक होते. त्यांनी बाईंना काम शिकवताना फार काही शिकवलं नव्हतं. "वर जे वाचतेस ते वाऱ्याचं आणि पाण्याचं," ते म्हणाले होते. "शेवटचं वाक्य तेवढं आपलं. ते म्हणताना खिडकीबाहेर बघायचं." बाई ते वाक्य कधीच कागदावर बघून म्हणत नसत.

आज मात्र ते कागदावर होतं. नौदलाच्या कचेरीतून टाइप होऊन आलेला कागद भाच्याने सकाळी जीपमधून आणला होता, आणि कागदाबरोबर बातमीही. पहाटे दक्षिणेच्या वाटेत पाणसुरुंग टाकले होते. आपल्याच नौदलाने. कागदावर मात्र दक्षिणेच्या वाटेचं नावही नव्हतं. वारा होता, भरती होती, एक विझलेला दिवा होता, एक तुटून वाहत आलेला ओंडका होता, आणि खाली ते वाक्य.

"ओंडक्याची एवढी काळजी," बाई वाचून म्हणाल्या होत्या, "आणि सुरुंगाचं काय?"

"सुरुंगाचं सांगायचं नाही असा हुकूम आहे. पलीकडच्यांची रसद परक्या जहाजांच्या मागेमागे दक्षिणेनं येते आणि तिथून पलीकडच्या काठाला वळते. आपण सांगितलं तर ते येणारच नाहीत."

पलीकडच्यांशी युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. बाईंना त्यांचं काही प्रेम नव्हतं. त्यांच्या तोफांनी खालच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या काचा गेल्या होत्या, बाईंच्या घराच्याही. अजून खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते.

"पलीकडच्यांच्या बोटी खुशाल बुडवा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी स्वतः पहिला चहा पाजेन तुम्हाला. पण ते गव्हाचं जहाज काय पलीकडच्यांचं आहे?"

गव्हाचं जहाज खिडकीतून दिसत होतं. काळं, पोट सुटलेलं, जुनं. ना इकडच्यांचं, ना तिकडच्यांचं, तिसऱ्याच देशाचं. दर दीड-दोन महिन्यांनी यायचं आणि दक्षिणेच्या वाटेने आतल्या धक्क्याला जायचं, कारण इतकं खोल पाणी दुसऱ्या वाटेत नव्हतंच. त्याच्या म्हाताऱ्या कप्तानाला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज ओळखीचा होता. या खेपेला त्याने बायकोलाही आणलं होतं. काल सेटवर त्याने मोठ्या अभिमानाने तिला पुढे केलं होतं आणि ती बिचारी काही न सुचून "दूध" एवढंच म्हणाली होती.

"त्याला गस्तीची बोट वाटेच्या तोंडाशीच अडवेल," भाचा म्हणाला होता. "तसं ठरलंय."

"कुठली गस्तीची बोट?"

भाच्याने खिडकीतून खाली धक्क्याकडे बघितलं होतं. गस्तीची बोट तिथेच बांधलेली होती. तिच्या कठड्यावर कुणाचे तरी गंजिफ्रॉक वाळत होते, आणि इंजिनचं झाकण उघडून दोघंजण आत डोकं घालून बसले होते.

"निघेल," तो म्हणाला होता.

"आणि आपले कोळी? जहाजं आत आणणारे आपले पायलट?"

"त्यांना तोंडी सांगितलंय. दक्षिणेला कवायत चालू आहे म्हणून."

"म्हणजे आपला तो बाब्या."

दुसऱ्याचं कार्टं कोण ते बोलायची गरज पडली नाही. दोघांनाही ते खिडकीतून दिसत होतं.

हे सगळं सकाळी झालं होतं. आता बाराला थोडाच वेळ उरला होता आणि भाचा बटणाची पेटी हाताशी घेऊन बसला होता. बाईंनी भलतंसलतं काही वाचलं तर लगेच बटण दाबायचं, एवढंच काम देऊन त्याला पाठवलं होतं. कमांडरनेच निवड केली होती. घरचं माणूस असलं की तमाशा होत नाही, असं तो म्हणाला होता म्हणे.

भाचा नौदलात कायदा बघायचा. लढाईत काय चालतं आणि काय चालत नाही हे सांगणं हे त्याचं काम. घरात त्याला पाचव्या वर्षापासून वकील म्हणत, कारण ताटातली भाजी न खाण्यासाठी तो तीन मुद्दे मांडायचा. बाईंची बहीण कारखान्यात पाळीवर जायची तेव्हा हे पोर शाळा सुटल्यावर इथेच यायचं आणि याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायचं. वाचन चालू असताना आवाज करायचा नाही, हा त्याने आयुष्यात पाळलेला पहिला नियम. त्यानंतर त्याने एकही नियम मोडल्याचं बाईंच्या ऐकिवात नव्हतं. आणि आज हीच गोष्ट त्यांना खुपत होती.

"वकील," बाई म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"कशाबद्दल?"

"उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

भाच्याने कॉलर सैल केली. "सुरुंग टाकले तर कुठे टाकलेत ते सगळ्या जहाजांना कळवावं, असं आहे. युद्धातसुद्धा. सगळ्या देशांनी मिळून केलेलं कलम आहे. मी तसं लिहून दिलं होतं, मावशी. परवाच."

"मग घोडं अडलं कुठे?"

"त्याच कलमात पुढे आहे, लष्करी गरजा परवानगी देतील तेव्हा. कमांडर म्हणाले, अजून देत नाहीत."

"आणि कधी देतील? त्या जहाजाच्या चिंधड्या झाल्यावर?"

"एवढी फट आहे त्या कलमात. मी काय करू?"

"तिला फट म्हणतात? अख्खं जहाज जातंय त्यातून."

दारात केंद्रप्रमुख उभे होते. सहा महिन्यांत निवृत्त होणार असलेला, नाकासमोर चालणारा गृहस्थ. केंद्रप्रमुख असले तरी त्यांचं रोजचं खरं काम म्हणजे बाई वाचत असताना दुधावर लक्ष ठेवणं, आणि ते काम ते मनापासून करत. आज त्यांचे दोन्ही हात रुमाल पिळण्यात गुंतले होते.

"बाई," ते म्हणाले, "कशाला हात दाखवून अवलक्षण? कागद त्यांचा, सुरुंग त्यांचे. आपण फक्त वाचणारे. आपल्या अंगाला काय लागणार आहे?"

"आवाज माझा आहे ना, साहेब."

"आवाजावर कुणी खटला भरत नाही."

"ते जहाज कुणाचा आवाज ऐकून नांगर उचलतं? कमांडरचा?"

केंद्रप्रमुख आत आले, सवयीने शेगडी पेटवली, दुधाचं पातेलं वर ठेवलं आणि परत दारात जाऊन उभे राहिले.

बाई खुर्चीत बसल्या. खरं तर त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ओंडक्याची सूचना संपली की श्वास न घेता, एका दमात: दक्षिणेच्या वाटेत सुरुंग आहेत. त्यांनी ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. कितीही घाईने म्हटलं तरी भाच्याचा अंगठा त्याहून जलद होता. "दक्षिणेच्या" एवढं फार तर बाहेर जाईल. मग खरखर. मग कुणीतरी मायक्रोफोनवरून सांगेल की तांत्रिक बिघाड झाला होता, आणि ते शेवटचं वाक्य दुसरंच कुणी वाचून टाकेल. बाई तुरुंगात जातील, त्याचं त्यांना काही नव्हतं. तुरुंगात जाऊनही जहाज सुरुंगावर जाणार असेल तर त्या जाण्याला काय अर्थ, या विचाराने त्यांचा जीव जळत होता.

"मावशी," भाचा हळूच म्हणाला. "मला दाबायला लावू नकोस. हात जोडतो."

"तू दाबशील?"

त्याने मान खाली घातली. "हुकूम आहे."

दाबेल, बाईंना कळलं. रडेल आणि दाबेल. भाजी न खाणारं पोर शेवटी भाजी खायचंच, फक्त तीन मुद्दे मांडून झाल्यावर. बाईंना त्याचा राग आला आणि त्या रागातही त्याच्या कॉलरची एक बाजू दुमडलेली दिसली.

घड्याळाचा काटा बारावर आला. बाईंनी मायक्रोफोन सुरू केला.

"किनारा केंद्र. सर्व जहाजांसाठी सूचना."

आवाज रोजचाच लागला. वारा वाचला, भरती वाचली. विझलेल्या दिव्याचा बोया वाचला. भाचा समोर अंगठा बटणावर ठेवून त्यांच्या ओठांकडे बघत होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन्सिल धरताना व्हायचं तसंच.

ओंडका आला. ओंडका कुठे दिसला, कुठल्या दिशेने वाहतो आहे, किती लांब आहे, हे सगळं बाईंनी सावकाश वाचलं. खाली एकच ओळ उरली.

त्यांनी सवयीने कागदावरून डोळे उचलले आणि खिडकीबाहेर बघितलं. गव्हाच्या जहाजाच्या नाकाडावर, पुढच्या टोकाला, दोन खलाशी नांगराच्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले होते. गस्तीची बोट जागची हलली नव्हती. गंजिफ्रॉक वाऱ्यावर हलत होते.

बाईंनी तोंड उघडलं.

भाच्याचा अंगठा ताठ झाला.

आणि बाईंनी तोंड मिटलं.

मायक्रोफोन त्यांनी बंद केला नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवले, एकावर एक, आणि नुसत्या बसून राहिल्या. डोळे जहाजावर. पुढची ओळ म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गेला. मग तेवढाच आणखी गेला. भाच्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आपल्या अंगठ्याकडे. सुरुंगाचा स उच्चारला गेला नव्हता. हुकमाविरुद्ध एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. मुकं करायचं बटण त्याच्या बोटाखाली होतं, पण समोरचं माणूसच मुकं बसलेलं. आता दाबायचं ते काय?

खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. केंद्रप्रमुखांचा श्वास ऐकू येत होता. आणि कोपऱ्यात, कुणाचंही लक्ष नसताना, दूध वर आलं, पातेल्याच्या काठाशी क्षणभर थांबलं आणि चर्र करून शेगडीवर सांडलं.

कुणी जागचं हललं नाही. दूध बराच वेळ चरचरत राहिलं. मग बाईंनी हात पुढे केला आणि मायक्रोफोन बंद केला.

"मावशी, एक ओळ राहिली," भाचा म्हणाला.

"मला दिसतंय."

"ती वाचायची होती."

"वाटा मोकळ्या नाहीत, रे. मग मी मोकळ्या आहेत कसं म्हणू? तुमचे सुरुंग मी सांगितले नाहीत. तुमचं गुपित तुमच्यापाशी. न सांगणं तुझ्या त्या कलमात बसतं, मान्य. पण आहे ते नाही म्हणून सांगणं कुठल्या कलमात बसतं, ते दाखव मला. आत्ता मायक्रोफोन सुरू करते आणि म्हणते."

वकिलाने मुद्दा मांडला नाही. एकही नाही.

सेट खरखरला. सगळ्यांत आधी एका तेलवाहू जहाजाचा तरुण आवाज आला. "किनारा, शेवटची ओळ आली नाही. पुन्हा वाचा." मग दुसरा आवाज, तिसरा. आणि मग तो ओळखीचा, म्हातारा, शब्द चाचपत बोलणारा.

"किनारा. बाई. दूध उतू गेलं, ते ऐकलं. शेवटचं वाक्य ऐकलं नाही. तुम्ही विसरला का?"

बाई मायक्रोफोनकडे हात नेणार तोच फोन वाजला.

भाच्याने उचलला. कमांडरचा आवाज इतका चढा होता की बाईंना खुर्चीत बसल्याजागी ऐकू येत होता. "हो, सर," भाचा म्हणाला. "ऐकलं, सर. नाही, सर, काही बोलल्या नाहीत. काहीच नाही." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. आणि मग म्हणाला, "मी, सर?"

फोनमधून एकच शब्द आला. तो सगळ्यांनाच ऐकू आला. "तूच."

भाच्याने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. "बाईंकडून चुकून राहिलं, असं सांगून मी ती ओळ वाचायची आहे," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. तो उठला. "ऊठ, मावशी."

बाई उठल्या. हात लावून त्याला अडवायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही, पण तो आता टेबलाखाली मावणारा राहिला नव्हता. तो त्यांच्या खुर्चीत बसला. बाई टेबलाला वळसा घालून त्याच्या जागी गेल्या आणि तिथे त्यांना ती दिसली. लाल बटणाची पेटी. तो घाईत ती तिथेच सोडून गेला होता.

बाईंनी बटणावर अंगठा ठेवला.

भाच्याने ते बघितलं. आता दोघं समोरासमोर होते, फक्त जागा बदलून. बाईंनी जन्मात कुणाचं तोंड दाबलं नव्हतं. पण "बाकी" एवढा शब्द याच्या तोंडून निघाला की आपण दाबणार, हे त्यांचं पक्कं झालं. त्याला आत्या नव्हती म्हणून बारशाला त्याचं नाव त्यांनीच त्याच्या कानात सांगितलं होतं, तरीही. आणि हेही त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असणार, कारण भाच्याने नजर काढून घेतली आणि ती खिडकीबाहेर गेली.

तो बघत राहिला. काळं, पोट सुटलेलं जहाज. नाकाडावरचे दोन खलाशी. साखळी थोडी वर आलेली आणि तिथेच थांबलेली.

त्याने मायक्रोफोन सुरू केला.

"किनारा केंद्र," तो म्हणाला. "सर्व जहाजांसाठी."

बाईंचा अंगठा ताठ झाला.

"आजच्या सूचना वाचून पूर्ण झाल्या आहेत. वाचण्यात चूक झालेली नाही." तो थांबला. टेबलावर आडव्या ठेवलेल्या रिसीव्हरमधून काहीतरी ओरडण्याचा आवाज येत होता आणि तोही बहुधा समुद्राला ऐकू जात होता. "बाई काही विसरलेल्या नाहीत. शेवटचं वाक्य आज नाही."

त्याने मायक्रोफोन बंद केला आणि दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले.

सेटवर आधी तेलवाहू जहाज म्हणालं, "समजलं." मग दुसरं म्हणालं, मग तिसरं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांत शेवटी म्हातारा आवाज आला. "समजलं, बाई. आम्ही थांबतो. इथं बरं आहे." त्याच्यामागे त्याची बायको काहीतरी म्हणत होती, पण ते नीट ऐकू आलं नाही. नाकाडावरच्या खलाशांनी यंत्र उलटं फिरवलं आणि वर आलेली साखळी पुन्हा पाण्यात उतरली.

बाईंनी बटणावरचा अंगठा काढला. तो आखडला होता. त्या फोनपाशी गेल्या आणि रिसीव्हर कानाला लावला.

"वकीलसाहेब कामात आहेत," त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.

केंद्रप्रमुख शेगडी पुसत होते. रुमाल पिळून पिळून एवीतेवी गोळा झालाच होता, आता दुधातही भिजला. पुसता पुसता ते खिडकीपाशी आले आणि खाली वाकून बघू लागले.

"नौदलाच्या कचेरीतून जीप निघाली," ते म्हणाले. "दोन आहेत. चढणीला लागल्या."

भाचा खुर्चीतून उठायला लागला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं आणि त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. मग त्यांनी लाल बटणाची पेटी उचलली, वायर गुंडाळत आपल्या टेबलाच्या कडेला आणली आणि जुन्या भोकांवर धरली.

"तो स्क्रू ड्रायव्हर दे खिडकीतला," त्या म्हणाल्या. "आणि खिशातले स्क्रू काढ. चढण मोठी आहे, ते येईपर्यंत दोन्ही बसतील."